बास मत्स्याचा ऋतुक्रम

मृगयेविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्यांत वाघ, रानडुक्कर व हरिण यांचाच बोलबाला आहे. पाण्याच्या कांठीं गळ टाकून तासन् तास बसलेल्या मनुष्याकडे इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळते. अपवाद आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदास स्वतंत्र स्थान मिळालें असून, मासे कोणते, त्यांस आमिष कोणतें द्यावें, गळ व दोरी कशी असावी याची चर्चा तेथें आली आहे. तथापि एकाच जातीच्या माशामागें लागून त्याच्या बारा महिन्यांची दिनचर्या शोधून काढणें, त्या शोधावर मोठा धंदा उभारणें, आणि शेवटीं तोच शोध त्या माशाच्या उच्छेदासाठीं योजणें, हा प्रकार अर्वाचीन काळांतच घडला. तो अमेरिकेंतील गोड्या पाण्याच्या बास मत्स्याच्या बाबतींत घडला; आणि त्याचाच वृत्तांत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘बास’ हें नांव आपल्या बाजारांत अगदींच अपरिचित नाहीं. रायगडच्या खाड्यांतील जिताडा इंग्रजींत ‘सी बास’ म्हणूनच ओळखला जातो. परंतु जिताड्याचें व आमच्या चरित्रनायकाचें नातें नांवापुरतेंच आहे. हा ‘ब्लॅक बास’ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील नद्यासरोवरांत राहणारा, ‘सनफिश’ नांवाच्या निराळ्या कुलांतला मासा होय. त्याच्या जाती अनेक. पण दोन मुख्य. ज्याचा जबडा डोळ्याच्याही मागें जातो तो ‘लार्जमाउथ’. यास शेवाळ व पाणवनस्पतींनीं भरलेलें, ऊबदार, संथ पाणी आवडतें. दुसरा ‘स्मॉलमाउथ’, यास पाणी स्वच्छ, थंड व खडकाळ तळाचें लागतें. शास्त्रीय नामकरणाच्या वेळीं एक मौज झाली. १८०२ सालीं फ्रेंच पंडित लासेपेद याच्यापुढें जो नमुना आला, त्याच्या पाठीवरील पराचा मागील भाग फाटलेला होता. तुटून राहिलेला तुकडा हा एक स्वतंत्र चिमुकला पर आहे असें समजून त्यानें ‘लहान पराचा’ या अर्थाचें ‘मायक्रॉप्टेरस’ हें नांव ठेविलें, व त्यास आपला मित्र, खनिजशास्त्रज्ञ दोलोम्यू याचें नांव जोडून दिलें. माशाचे पर लहान नाहींत आणि दोलोम्यूचा माशांशीं संबंध नव्हता. पण नांव टिकलें तें टिकलेंच.

या माशाच्या वर्षाचा आरंभ वसंतांत होतो, असें म्हणणेंच सोयीचें. मत्स्याचें शरीर सभोंवारच्या पाण्याइतकेंच उष्ण किंवा थंड असतें. त्यामुळें हिंवाळ्यांत पाणी गारठलें कीं बासाची भूक व पचन हीं दोन्हीं मंदावतात. तो खोल जागीं जाऊन स्तब्ध राहतो, आणि आमिष नाकासमोर आलें तरी जणूं सावकाश विचार करून तोंड उघडतो. कोंकणांत ज्यास ‘गरवणें’ म्हणतात, तें कर्म त्या दिवसांत करणाऱ्यास मोठा धीर लागतो. पुढें दिवस वाढूं लागले म्हणजे सरोवराच्या उत्तर बाजूच्या उथळ खाड्या प्रथम तापतात, कारण दक्षिणेकडचें ऊन तेथें सरळ पडतें व उत्तरेचा गार वारा लागत नाहीं. बास तिकडे सरकूं लागतो. पाण्याची उष्णता सुमारें १५ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत चढली म्हणजे नर उथळ पाण्यांत, वाळू-खडे असलेली जागा पाहून, शेपटीनें गाळ झाडून टाकतो व ताटासारखा वाटोळा खळगा तयार करितो. मादी येऊन अंडीं घालते आणि निघून जाते. येथून पुढचा सर्व संसार बापाचा.

तो अंड्यांवर परांनीं वारा घालतो म्हणजे त्यांवर गाळ बसत नाहीं व ताजें पाणी फिरत राहतें. थोड्याच दिवसांत पिलें बाहेर पडतात; पण तीं कांहीं काळ खळग्यांतच राहतात, आणि पुढें थव्यानें वर येऊन पोहूं लागलीं तरी बाप त्यांच्याभोंवतीं घिरट्या घालीत कित्येक दिवस राखण करितो. या साऱ्या काळांत तो खातो फार थोडें. मात्र खळग्याजवळ जें कांहीं येईल, मग तो अंडीं खाणारा ‘ब्लूगिल’ असो, खेंकडा असो, कीं दोरीला बांधलेला रंगीत लाकडाचा तुकडा असो, त्याच्यावर तो तुटून पडतो. एरवीं चतुर असलेला हा मासा वसंतांत इतक्या सहज कां गळाला लागतो, याचें उत्तर हेंच. तो भुकेनें तोंड घालीत नाहीं, रागानें घालतो. आणि तो राग अपत्यरक्षणाचा असतो. बासाच्या मृगयेच्या इतिहासांतील सर्व वाद या एका गोष्टीभोंवतीं फिरतात.

ग्रीष्मांतील वर्तन समजावयास मात्र विद्वानांची वाट पाहावी लागली. उन्हाळ्यांत बास एकाएकी नाहींसा होतो, हें प्रत्येक गरवणारा जाणत असे. कारण कोणास ठाऊक नव्हतें. स्वित्झर्लंडमध्यें फोरेल या पंडितानें जिनीव्हा सरोवरावर जन्मभर परिश्रम करून सरोवरशास्त्राचा पाया घातला. आणि अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथील बर्ज व त्याचा सहकारी जूडे यांनीं मेंडोटा सरोवराच्या पाण्याची थराथरानें उष्णता मोजली व त्यांतील वायूंचें मापन केलें. उन्हाळ्यांत सरोवराचें पाणी एकजीव राहत नाहीं. वर ऊबदार हलका थर, खालीं थंड जड थर, व मध्यें जेथें उष्णता झपाट्यानें उतरते असा एक पातळ पट्टा अशी त्याची रचना होते. ज्या सरोवरांत वनस्पति व कुजणारें द्रव्य विपुल, तेथें खालच्या थरांतील प्राणवायु उन्हाळाभर खर्च होत जातो व नवा पोंचत नाहीं. म्हणजे वर ताप आणि खालीं गुदमर! अशा स्थितींत मासा त्या दोहोंच्या मध्यें, बुडालेल्या झाडाची सावली किंवा एखादा उंचवटा धरून राहतो, व पहाटे आणि सायंकाळीं कांठाशीं शिकारीस येतो. बर्ज व जूडे हे कांहीं गरवणाऱ्यांसाठीं संशोधन करीत नव्हते. पण त्यांच्या थर्मामीटरनें गरवणाऱ्यांस जें शिकविलें, तें शंभर वर्षांच्या अनुभवानेंही शिकविलें नव्हतें. शरदांत वरचें पाणी निवून जड होतें, सारें सरोवर ढवळून निघतें, थर मोडतात. आणि हिंवाळ्याआधीं पोट भरून घेण्यासाठीं बास लहान माशांच्या थव्यांमागें पुन्हां खाड्यांत शिरतो.

आतां साधनांकडे वळूं. येथें इंग्लंडचें ऋण आहे, पण तें वाटतें त्याहून कमी. वॉल्टनच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथापासून इंग्रजांची गरवण्याची विद्या वाहत्या ओढ्यांची व ट्राउट माशाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी प्रांतांतील पॅरिस नांवाच्या गांवीं जॉर्ज स्नायडर हा घड्याळें करणारा कारागीर होता. त्यानें घड्याळांतील दांतेरी चाकांची युक्ति गळाच्या दोरीच्या रिळास लाविली. मूठ एकदां फिरविली कीं रीळ अनेकदां फिरे. त्यामुळें जिवंत लहान मासा आमिष म्हणून दूरवर फेंकणें व दोरी झटपट गुंडाळणें शक्य झालें. फ्रँकफर्ट येथील मीक बंधूंनीं या रिळास पूर्णत्व आणिलें, तेही घड्याळजीच. बासाच्या मृगयेचें पहिलें खरें अमेरिकन साधन घड्याळजींच्या दुकानांत जन्मलें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील डोवाजिॲक येथें हेडन नांवाचा गृहस्थ तळ्याकांठीं बसून लाकूड तासीत होता. तो तुकडा त्यानें सहज पाण्यांत भिरकावला आणि बासानें त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लाकडी बेडूक व मासे करून विकण्याचा हेडनचा धंदा मात्र खरा. झडप घालणारा तो मासा घरट्यावर बसलेला बाप होता काय, हें आख्यायिका सांगत नाहीं.

याच शतकांत माशानें प्रवासही आरंभिला. ईरी कालवा १८२५ सालीं पुरा झाला, आणि त्या वाटेनें तो पूर्वेकडे पसरला. १८५४ च्या सुमारास व्हीलिंग येथील एका गृहस्थानें कांहीं स्मॉलमाउथ मासे भोंकें पाडलेल्या बादलींत घालून ती आगगाडीच्या एंजिनामागील पाण्याच्या टाकींत सोडली, आणि डोंगर ओलांडून ते पोटोमॅक नदीच्या खोऱ्यांत नेऊन सोडले. तेथें त्यांची प्रजा अपार वाढली. परक्या पाण्यांत मासा सोडणें हें त्या काळीं परोपकाराचें कृत्य समजलें जाई. तळीं बांधणें, झाडें लावणें यांच्याच मालिकेंत तें बसे. या माशाचा पहिला मोठा ग्रंथ १८८१ सालीं सिनसिनाटी येथें प्रसिद्ध झाला. कर्ता जेम्स हेन्शॉल हा व्यवसायानें वैद्य. ट्राउट व सामन यांपुढें बासास हलका समजणाऱ्या इंग्रजी वळणाच्या सभ्य लोकांविरुद्ध त्यानें माशाची वकिली केली. वकिली उत्तम साधली. पुढें त्या माशाचें जें कांहीं झालें, त्यांत या यशाचा वांटा थोडा नाहीं.

विसाव्या शतकांत दोन गोष्टींनीं चित्र पालटलें. पहिली म्हणजे धरणें. अमेरिकेच्या दक्षिणेंत नैसर्गिक सरोवरें थोडीं. पण १९३३ सालीं टेनेसी खोऱ्याचें प्राधिकरण स्थापन झालें, १९३६ मध्यें नॉरिस धरण पुरें झालें, आणि पुढील कांहीं दशकांत बुडालेलीं अरण्यें, वाटा व ओढे पोटांत घेतलेले प्रचंड जलाशय दक्षिणेंत सर्वत्र पसरले. बासास याहून सोयीचें घर कोणी बांधून दिलें नव्हतें. दुसरी गोष्ट यंत्रें. युद्धांत पाणबुड्या शोधण्यासाठीं प्रतिध्वनीचें जें तंत्र वापरलें गेलें, त्याचें लहानसें रूप लोरन्स पितापुत्रांनीं १९५९ च्या सुमारास हिरव्या पेटींत घालून होडींत आणिलें; खोल पाण्यांतील उंचवटा व त्यावरचा मासा आंधळ्यासही सांपडूं लागला. त्याआधीं १९४९ मध्यें ओहायो प्रांतांतील निक क्रीम यानें मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ ओतून तयार केलें होतें. हें गांडूळ तळाशीं सावकाश ओढतां येई. म्हणजे ग्रीष्म व हिंवाळा हे जे माशाचे आजवरचे सुरक्षित ऋतु, तेही आतां खुले झाले. १९६७ च्या जूनमध्यें मॉन्टगोमरीचा विमा-एजंट रे स्कॉट यानें आर्कान्सासमधील बीव्हर सरोवरावर १०६ स्पर्धक जमवून बक्षिसांची स्पर्धा भरविली व दुसऱ्याच वर्षीं गरवणाऱ्यांची संस्था काढली. त्या स्पर्धांनीं ऋतुज्ञानाचा बाजार मांडला: कोणत्या महिन्यांत, किती खोलीवर, कोणतें आमिष, हें सर्व तक्त्यांत बसलें. १९७२ पासून त्यानेंच पकडलेला मासा जिवंत ठेवून, वजन करून परत सोडण्याची प्रथा स्पर्धांत रूढ केली, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

या सर्वांच्या मुळाशीं वसंताचा प्रश्न होताच. घरट्यावरील बापास पकडावें कीं नाहीं? बहुतेक प्रांतांचे जुने कायदे म्हणत, नाहीं. वीण पुरी होईपर्यंत मृगया बंद. हा विचार आपणांस परका नाहीं. विशिष्ट तिथींस मासे मारूं वा विकूं नयेत अशी अशोकाची स्तंभाज्ञा आहे, आणि आपले कोळी पावसाळ्यांत होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेस पुन्हां समुद्रावर जातात. परंतु १९४० नंतरच्या दशकांत नॉरिस जलाशयावर काम करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञांनीं उलट बाजू मांडली. त्यांचें म्हणणें असें कीं, मादी हजारों अंडीं घालते. थोडीं घरटीं यशस्वी झालीं तरी जलाशय भरतो. पुष्कळ मासे कोणाच्याही गळास न लागतां मरून जातात. मग बंदी कशासाठीं? टेनेसीनें बंदी उठविली, व दक्षिणेंतील इतर प्रांत त्याच वाटेनें गेले. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतानें मात्र आपल्या दक्षिण भागांतील बऱ्याच पाण्यांवर जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंदी ठेविली.

हा युक्तिवाद पोकळ नाहीं. दक्षिणेंतील उन्हाळा लांब, पाणी विपुल, अन्न विपुल. तेथें हिशेब बहुधा बरोबर उतरतो. पण हा हिशेब संख्येचा आहे, आणि प्रश्न केवळ संख्येचा नव्हता, असें पुढील संशोधनानें दाखविलें. ऑन्टारिओंतील सरोवरांत पाण्यांत बुडी मारून केलेल्या निरीक्षणांत असें दिसून आलें कीं, नरास पकडून थोड्याच वेळानें परत सोडिलें तरी तेवढ्या अवधींत टपून बसलेले मासे अंडीं-पिलें फस्त करूं लागतात. आणि परत आलेला थकलेला बाप कधीं कधीं उद्ध्वस्त घरटें सोडून निघून जातो. याहून विलक्षण प्रयोग इलिनॉय प्रांतांतील रिज लेक नांवाच्या लहानशा तळ्यावर झाला. तेथें १९७५ पासून प्रत्येक पकडलेल्या माशाची नोंद ठेवून तो परत सोडीत. एक मासा एका वर्षांत सोळा वेळां सांपडला. कांहीं एकदांही सांपडले नाहींत. पुढें तळें उपसून, सहज सांपडणारे व न सांपडणारे असे दोन वंश निराळे वाढविण्यांत आले. तीन पिढ्यांनंतर, सुमारें वीस वर्षांनीं, निष्कर्ष निघाला कीं गळास भुलण्याचा स्वभाव आनुवंशिक आहे. हें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर २०१२ मध्यें त्याच वंशांवरील आणखी एक निष्कर्ष पुढें आला: सहज सांपडणारे नर हेच अधिक दक्ष पिते असतात, आणि त्यांचीं पिलें अधिक वांचतात. म्हणजे वसंतांतील गळ हा यादृच्छिक रीतीनें मासे उचलीत नाहीं. तो निवडून चांगले बाप उचलतो. जलाशय भरलेला दिसेल, पण कोणत्या माशांनीं? आमच्या मतें ऑन्टारिओची जुनी, अडाणी समजली गेलेली बंदीच अधिक शहाणी होती.

जेथें हा मासा परका होता, तेथील कथा उलट दिशेनें जाते. ग्वाटेमालांतील आतित्लान सरोवर डोंगरांनीं वेढलेलें, अतिशय सुंदर. प्रवासी यावेत म्हणून १९६० च्या सुमारास तेथें लार्जमाउथ सोडण्यांत आला. त्यानें लहान मासे व खेंकडे खाऊन टाकिले. जगांत केवळ याच सरोवरांत राहणारी, उडूं न शकणारी एक मोठी पाणडुबी होती. तिचें अन्न तेंच, आणि तिचीं पिलेंही बासाच्या तोंडीं पडत. बोरूंची तोड, भूकंपानें खालावलेलें पाणी अशीं दुसरीं कारणेंही जमलीं; आणि त्या शतकाच्या अखेरीपूर्वीं हा पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला.

जपानांत लार्जमाउथ १९२५ सालीं गेला. आकाबोशी तेत्सुमा या अमेरिकेंत शिकलेल्या उद्योगपतीनें सरकारी परवानगीनें तो हाकोने येथील आशी सरोवरांत सोडला. तेथून गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत, बहुतांशीं गरवण्याच्या हौसेपायीं, तो देशभर पसरला. १९७४ मध्यें तो बिवा सरोवरांत आढळला. बिवा म्हणजे सुमारें ६७० चौरस किलोमीटर विस्ताराचें, लक्षावधि वर्षांचें प्राचीन सरोवर. जगांत अन्यत्र नसलेले अनेक जीव त्यांत आहेत. तेथील कोळ्यांचेंही एक पंचांग आहे. वसंताच्या पावसांत ‘निगोरोबुना’ नांवाचा मासा अंडीं घालण्यासाठीं कांठच्या बोरूंत व पूर्वीं भातखाचरांत शिरे. अंड्यांनीं भरलेला तो मासा मीठ व भात यांत आंबवून ‘फुनाझुशी’ करीत. बाणाच्या आकाराचीं कुंपणें रोवून मासे आंत वळविण्याची ‘एरी’ नांवाची त्यांची रीतही फार जुनी आहे. त्याच बोरूंत, त्याच वसंतांत, बासही आपलीं घरटीं करूं लागला, आणि उन्हाळ्यांत स्थानिक माशांचीं पिलें त्याचा आहार झालीं.

बासाबरोबर ब्लूगिलही होताच. १९६० सालीं युवराज आकिहितो अमेरिकेस गेले असतां शिकागोच्या महापौरांनीं त्यांस कांहीं ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठीं वाढवितां येतील या हेतूनें ते मत्स्यसंशोधन केंद्राकडे देण्यांत आले, व तेथून पाण्यांत पसरले. जपानांतील ब्लूगिल त्या मूठभर माशांचेच वंशज आहेत, असें आनुवंशिक तपासणींतून दिसून आलें. आकिहितो हे स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. २००७ सालीं सम्राट असतांना शिगा प्रांतांतील एका समारंभांत त्यांनीं या गोष्टीबद्दल जाहीरपणें मनोव्यथा व्यक्त केली.

जगांतील सर्वांत मोठ्या लार्जमाउथचा विक्रम १९३२ च्या जूनच्या २ तारखेस जॉर्जियांत झाला. मंदीच्या दिवसांतील जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंस वजनाचा मासा धरला, वजन करविलें, व घरीं नेऊन कुटुंबानें तो खाल्ला. सत्त्याहत्तर वर्षें तो विक्रम अबाधित राहिला. २००९ च्या जुलैच्या २ तारखेस त्याची बरोबरी झाली ती अमेरिकेंत नव्हे, बिवा सरोवरावर. धरणारा कुरिता मानाबू. आमिष होतें जिवंत ब्लूगिल.

तोंपर्यंत जपानांत कायदा पालटला होता. शिगा प्रांतानें २००३ पासून बिवांत पकडलेला बास पुन्हां पाण्यांत सोडण्यास मनाई केली. अमेरिकेंत जें सौजन्य, तें येथें अपराध ठरलें. २००५ मध्यें परकीय जीवांविषयींचा राष्ट्रीय कायदा अंमलांत आला. उत्तरेकडील मियागी प्रांतांत इझुनुमा नांवाचें उथळ सरोवर आहे. हिंवाळ्यांत तेथें हंस व रानबदकें येतात. तेथील बासाच्या निर्मूलनासाठीं जी रीत बसविण्यांत आली, ती गरवणाऱ्यांच्या ग्रंथांतूनच उचलल्यासारखी आहे. वसंतांत पाणी तापूं लागलें कीं खडी भरलेलीं ताटें कांठाच्या उथळ पाण्यांत ठेवितात. नर येतो, जागा पसंत करितो, शेपटीनें झाडतो. मादी अंडीं घालते. स्वयंसेवक ठराविक दिवसांनीं येऊन ताटें वर काढतात, अंडीं चिकटलेली खडी पाहतात, अंडीं नष्ट करून खडी धुतात. राखण करणारा बाप जवळ लावलेल्या जाळ्यांत सांपडतो. जीं पिलें यांतून वांचून थव्यानें वर येतात, तीं जाळीच्या पळ्यांनीं उचलून घेतात. मग धुतलेलें ताट पुन्हां त्याच जागीं ठेवितात, आणि दुसरा नर येतो.